सहाय्यक निबंधक कार्यालय: कपाट उघडून देतात, गळतीचं बघत नाहीत

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक अख्खा तारा आवक-जावकच्या टेबलावरच्या मुलाचा.

हॉटेलातली सोलकढी पातळ की दाट यावर लोक पानभर लिहितात. आपल्याच सहकारी गृहनिर्माण सोसायटीविरुद्ध तक्रार घेऊन ज्या सरकारी दारात उभं राहायचं, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे. तालुका सिंधुदुर्गातला, किनाऱ्यावरचा, एवढं पुरे.

आमची इमारत खाडीजवळ. निम्मी घरं चाकरमान्यांची, मे महिन्यात आणि गणपतीत उघडणारी. बाकीचं वर्ष कमिटी म्हणजे तीन माणसं आणि दप्तराचं एक लोखंडी कपाट. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. मृगाचा पाऊस धरला की बेडरूमच्या छताला आधी पिवळा डाग, मग पंख्याच्या दांडीवरून थेंब, आणि श्रावणापर्यंत भिंतीचे पांढरे पापुद्रे चादरीवर. खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि प्लास्टर ढकलते, त्यामुळे गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही इकडे चैन नव्हे. आमच्याकडे आगोटीला गच्चीवर ताडपत्री बांधतात आणि तिचं बिल 'गच्ची दुरुस्ती' म्हणून हिशेबात घालतात.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. आमच्याकडेही घेतात. तो आहे कुठे, असं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "काकी, तुमी खूप कायदो काढतास."

मग काढलाच. उपविधींत वाट आखून दिलेली आहे: आधी अर्ज कमिटीकडे, पुढच्या सभेत त्यावर निर्णय, आणि त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला उत्तर. उत्तर आलं नाही की बाहेरचं दार.

कार्यालयात बसायला एक बाक, त्यावर फायली. पण त्या मुलाने माझा लांबलचक अर्ज उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला. पोस्टात नोकरी केलेली बाई आहे मी. कागद वाचणारा आणि कागद उलटणारा यातला फरक मला कळतो. त्याने पेन्सिलीने दोन जागी खुणा केल्या. "मॅडम, गळतीचा हय चलाचा नाय, ता सहकार न्यायालयाचा काम. पन हिशेबाच्या प्रती देनत नाय, सभा घेनत नाय, ह्या आमचा. ता येगळा लिवन देवा."

हा सल्ला फीशिवाय मिळाला. उपविधींत खरंच तशी वाटणी आहे. दप्तर, प्रती, सभा या तक्रारी निबंधकाकडे. दुरुस्ती, गळती, पार्किंग, जादा आकारणी हे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. अनधिकृत बांधकाम नगरपरिषदेकडे, दंगामस्ती पोलिसांकडे. सगळं एकाच अर्जात कोंबलं की तो अर्ज नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, आणि हे कमिट्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता तारे का कापले ते. माझ्या नव्या अर्जावर कार्यालयाने सोसायटीला पत्र पाठवलं: 'आपल्या स्तरावर नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.' म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच चौकशी करायची आणि त्यांनीच मला कळवायचं! सेक्रेटरींनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं, जणू चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळालाय. पुढे सामसूम.

इथे एक गोष्ट कामी आली. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकाराखाली येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलंय. पण निबंधक कार्यालय येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि एवढंच विचारलं: माझ्या अर्जावर कुणी, कोणत्या तारखेला, काय केलं? उत्तराची मुदत ३० दिवसांची. उत्तराच्या आधीच सोसायटीला दुसरं पत्र गेलं, या वेळी त्याच कायद्याच्या कलम ७९ चा, म्हणजे सोसायटीला काम करायला भाग पाडायच्या निबंधकाच्या अधिकाराचा, उल्लेख असलेलं, आणि कपाट उघडलं.

प्रती मिळाल्या. वार्षिक सभेच्या इतिवृत्तात मस्कतला नोकरीला असलेले आमचे शेजारी हजर, शिवाय ठरावाला अनुमोदन देऊन मोकळे. लेखापरीक्षकाने मात्र आपलं काम केलं होतं. 'दुरुस्ती निधीची स्वतंत्र गुंतवणूक आढळून आली नाही' हा शेरा एका वर्षी नव्हे, ओळीने प्रत्येक वर्षी. दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे अशा शेऱ्यांवर सोसायटीने काय केलं ते सांगणारा कागद, एकाही वर्षी नाही. आणि हे लेखापरीक्षण अहवाल जातात कुठे? त्याच निबंधक कार्यालयात. मी ज्या बाकावर ताटकळले, त्याच्या मागच्या रॅकमध्ये माझ्या तक्रारीचं उत्तर आधीपासून पडून होतं. दुसरा तारा त्यासाठी कापला. अर्ज आल्याशिवाय फाईल उघडायचीच नाही, तर देखरेख कशाला म्हणायचं?

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसं गेली. इमारत कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, कारभार भाडेकरूंच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थापन संस्थेकडे. २०२४ च्या चौकशी अहवालात लिहिलंय की संस्था तक्रार करणाऱ्या काही रहिवाशांना उपद्रवी समजत होती, आणि अग्निसुरक्षेच्या बाबतीत कौन्सिलची तिच्यावरची देखरेख कमकुवत होती. आमच्या ताडपत्रीची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही. पण 'काकी कायदो काढता' हे तिकडेही म्हणत असणार.

कुणाला जायचं असेल तर: एका अर्जात एकच मागणी लिहा. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नका. झेरॉक्सवाला दुपारी दुकान बंद करून जेवायला जातो. गळतीसाठी वकील गाठा, इथे वेळ घालवू नका.

कलम ८३ खाली चौकशी मागायची तर एक-पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, आणि त्या इथे राहणाऱ्यांत भरत नाहीत. अर्ज टाईप करून ठेवलाय. चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरतात, दीड दिवसांचे गणपतीवाले लगेच परतीच्या गाडीला लागतात. त्यांच्याकडे पहिल्या आरतीलाच जाणार आहे.