प्लगमधला युनिट-मीटर: वाळवंटातल्या एका वर्षानंतर

गेल्या जुलैच्या बिलावर ८१२ युनिट आले आणि घरात तीन आरोपी उभे राहिले. सासूबाईंच्या मते मुलांचे मोबाइल चार्जर. नवऱ्याच्या मते माझं वॉशिंग मशीन. माझ्या मते कुणी बघत नसतानाही बोलत राहणारा टीव्ही. पुरावा कुणाकडेच नव्हता. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आहेत, त्यामुळे खातं न जुळता नुसती भांडणं होतात हे मला बघवत नाही. म्हणून हा मीटर मागवला.

मुठीएवढा डबा आहे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो खोचायचा आणि त्याच्या पोटात फ्रिजची, टीव्हीची, ज्याची चौकशी करायची त्याची पिन. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, त्या क्षणाचे वॅट आणि लावल्यापासून खाल्लेले युनिट दिसतात. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढं गणित आलं की पुरे.

चार्जर पहिल्याच दिवशी निर्दोष सुटले. मोबाइल न जोडता नुसता खोचलेला चार्जर पडद्यावर शून्य दाखवतो. माझा मीटर एका वॅटच्या खालचं मोजतच नाही, म्हणजे ते शून्य अगदी शून्य नसणार. पण असे दहा चार्जर अर्ध्या-अर्ध्या वॅटने महिनाभर लावून ठेवले तरी साडेतीन युनिट होतात. सासूबाईंनी आकडा ऐकून घेतला. चार्जर काढून ठेवणं मात्र अजून चालू आहे.

टीव्हीने मला तोंडघशी पाडलं. तो ७५ वॅटवर चालतो. खरा चोर त्याच्या खालचा सेट-टॉप बॉक्स! चालू असताना ११ वॅट आणि रिमोटने ‘बंद’ केल्यावर १०. फक्त दिवा लाल होतो, बाकी काम जोरात. महिन्याला सात युनिट गेले ते असे. आता तो भिंतीच्या बटणावरून बंद होतो.

वॉशिंग मशीनची गंमत वेगळी. ४० अंशांच्या धुलाईला जानेवारीत ०.७ युनिट लागले, जूनमध्ये जेमतेम ०.२. मशीन तेच, कपडे तितकेच. कारण गच्चीवरची टाकी. जूनमध्ये दुपारी तीनला मी नळाखाली स्वयंपाकाचा थर्मामीटर धरला तर ४६ अंश! मशीनच्या हीटरला करायला कामच उरत नाही. ज्यांनी अशा गावात उन्हाळा काढला आहे त्यांना पुढचं माहीत असेल: मे ते सप्टेंबर आमचा गीझर बंद असतो आणि ‘गरम’ लिहिलेला नळ हाच गारव्याचा नळ असतो. गीझरच्या पोटातलं पाणी घरातच रात्रभर थांबून निवलेलं असतं, ‘थंड’ नळाचं थेट टाकीतून येतं. पाहुण्यांना हे आंघोळीआधी सांगावं लागतं. एकदा सांगायचं राहिलं होतं, त्याबद्दल आजही ऐकून घेते.

फ्रिजला मीटर तीन आठवडे लावला, कारण एका दिवसाचा आकडा उपयोगाचा नाही. पाहुणे आले, दार जास्त उघडलं की बदलतो. जुलैत रोज सरासरी १.७ युनिट निघाले. थंडीत पुन्हा मोजले तेव्हा ०.९. फ्रिज म्हणजे आतली उष्णता उचलून मागच्या बाजूने खोलीत टाकणारा हमाल. खोलीच ३६ अंशांवर असेल तर त्याला ओझं टाकायला जागा मिळत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. आमचा तर भिंतीला चिकटलेला होता, शेजारी शेगडी. चार बोटं पुढे ओढला, मागची धूळ काढली, शेगडीपासून लांब सरकवला. १.४ वर आला. दिवसाला ०.३ म्हणजे महिन्याला नऊ युनिट, आणि फ्रिजला सुट्टी नसते.

आता मुख्य आरोपी. झोपायच्या खोलीत दीड टनाचा जुना खिडकीचा एसी आहे. एक टन म्हणजे ताशी साडेतीन युनिटांइतकी उष्णता बाहेर फेकायची ताकद, वजनाशी त्याचा संबंध नाही. (बर्फाशी आहे: एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढा गारवा देतो तो ‘एक टन’.) रात्री आठ तास २४ वर ठेवला तर ९.५ युनिट. २७ वर ठेवून वर पंखा लावला तर पंख्यासकट ६.४. झोपेत फरक पडला नाही, निदान मला. नवरा आठवडाभर कुरकुरला आणि मग त्यालाच पहाटे पांघरूण लागेनासं झालं.

एका सुट्टीच्या दिवशी मी याच एसीसमोर स्टूल टाकून बसले. पहाटे पाचला कॉम्प्रेसर चालू असताना १४५० वॅट, दुपारी चारला १८५०. बाहेर जितकं तापतं तितकी तीच उष्णता बाहेर ढकलायला जास्त वीज लागते, आणि त्याच वेळी यंत्राची गार करायची ताकदही घटते. गरज सर्वांत जास्त तेव्हाच ते सर्वांत महाग आणि सर्वांत दुबळं. हे ऐकून माहीत होतं. आकडा डोळ्यांसमोर चढताना पाहिल्यावर मी दुपारची इस्त्री बंद केली, कारण इस्त्रीची उष्णतासुद्धा शेवटी एसीनेच बाहेर काढायची.

मग मागच्या गॅलरीतला कूलर बाहेर काढला. पंखा आणि पंप मिळून १८० वॅट, म्हणजे दहा तासांना १.८ युनिट. एसीच्या पुढे हे काहीच नाही आणि मी विजयाच्या थाटात घरभर सांगत सुटले. पण हिशेबाची दुसरी बाजू बादलीत होती. कोरड्या दिवशी आमचा कूलर तासाला आठ लिटर पाणी पितो. दहा तासांत ऐंशी लिटर, शिवाय क्षार साचू नयेत म्हणून दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करायची ते वेगळं. वाळवंटात पाणी एकतर समुद्राचं गोडं करून येतं किंवा लांबून पंपाने ओढून, त्यामुळे विजेचं बिल उतरताना पाण्याचं चढतं. आमच्याकडे दोन्ही धरूनही कूलर स्वस्त पडला, पण मला वाटला होता तेवढा नाही.

आणि तो हवेवर अवलंबून. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या कापडाचा थर्मामीटर (टोकाला ओलं कापड गुंडाळलेला, पाणी उडवून हवा जास्तीत जास्त किती गार होईल ते सांगणारा) साधारण २२ दाखवतो, आणि चांगला कूलर २६ पर्यंतची हवा देतो. तेच ३८ अंश आणि ४० टक्के झालं की ओला थर्मामीटर २७ वर जातो, कूलर २९-३० च्या खाली उतरत नाही आणि चादरी दमट लागतात. ऑगस्टमध्ये असे बारा-पंधरा दिवस आले, तेव्हा निमूट एसी. एसीचा जन्मच मुळी दमट हवेशी भांडायला झाला: १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी तो बनवला, कारण आर्द्रतेने कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते. माणसांचा नंबर नंतर लागला.

इथे या मीटरची सगळ्यांत मोठी उणीव. हॉलमधला दोन टनांचा स्प्लिट एसी थेट वायरीने जोडलेला आहे, त्याला पिनच नाही. गीझरचंही तेच. म्हणजे घरातला सर्वांत मोठा खादाड या डब्याच्या आवाक्याबाहेर. मी वजाबाकी केली. खिडकीचा एसी महिन्याला २८५, फ्रिज ५१, पंखे, दिवे, टीव्ही, मशीन सगळं धरून आणखी साठ. ८१२ मधून ३९६ गेले, राहिले ४१६. खात्री करायला एका दुपारी बाकी सगळं बंद करून नुसता स्प्लिट चालू ठेवला आणि दोन ते पाच बाहेरच्या मुख्य मीटरकडे बघितलं. साडेपाच युनिट. रोज आठ तासांनी बेरीज जवळपास जुळते. मग पश्चिमेच्या खिडकीला काचेच्या बाहेरून पांढरी ताडपत्री लावली, आतला पडदा होता तसाच ठेवला. तशाच तापलेल्या दुपारी तेच तीन तास साडेचार युनिटांत निघाले. काचेच्या आत आलेलं ऊन पडद्याने अडवलं तरी खोलीतच राहतं.

बाकी तक्रारी. पडदा खालच्या बाजूला, त्यामुळे फ्रिजमागचा आकडा बघायला मी जमिनीवर आडवी होते. गॅलरीत उन्हात लावला तर दुपारी पडदा काळा ठिक्कर पडतो आणि संध्याकाळी आपोआप परत येतो. एसीला लावल्यावर प्लग कोमट होतो. तुमच्या मीटरवर किती अँपिअर लिहिले आहेत ते बघितल्याशिवाय जड उपकरण लावू नका. आणि दर भरून पैसे दाखवायची सोय आहे ती विसरा. त्यात एकच दर बसतो. बिल टप्प्याटप्प्याने चढत असेल तर वाचवलेलं युनिट सगळ्यांत वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतं. मीटर ते सरासरीने मोजून बचत कमी दाखवतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण अँपिअरचे आकडे बारीक छापल्याबद्दल कापला आहे, एक पिन नसलेल्या एसीबद्दल. तो खरं तर मीटरचा दोष नाही, पण राग कुणावर तरी निघायचा.

सध्या तो शेजारणीकडे आहे. त्यांचा फ्रिज बाविसाव्या वर्षात आहे आणि त्यांना आकडा कळू नये असं त्यांच्या यजमानांना वाटतं.