उभ्या रेषा उभ्याच ठेवणारी लेन्स : कॅनन टीएस-ई २४ मिमी

वाइड अँगल लेन्स निवडताना ‘विकृती’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळे दोष एकत्र करतो : सरळ रेषा फुगणे, कडेच्या वस्तू ताणल्या जाणे आणि इमारती मागे झुकल्यासारख्या दिसणे. पहिला दोष लेन्सच्या रचनेतला असून सॉफ्टवेअरने बराचसा निघतो. दुसरा, सरळ रेषा राखणाऱ्या प्रत्येक वाइड लेन्समध्ये येणारच, म्हणून माणसांना चौकटीच्या कोपऱ्यात उभे करू नये. तिसरा कॅमेरा वर कलता धरल्याने उद्भवतो आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे कॅनन टीएस-ई २४ मिमी ही टिल्ट-शिफ्ट, म्हणजे कॅमेऱ्यापुढे कलवता आणि सरकवता येणारी, लेन्स (२००९ साली आलेली दुसरी आवृत्ती), असे माझे ठाम मत आहे.

कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समतल बसवून बाजूचा नॉब फिरवला, की लेन्स १२ मिलिमीटरपर्यंत वर सरकते. चौकटीतली नको असलेली जमीन हळूहळू खाली निघून जाते, इमारतीचे शिखर आत येते आणि दाराच्या दोन्ही कडा समांतरच राहतात. हे दृश्य प्रथम पाहताना फार समाधान वाटते. सॉफ्टवेअरने रेषा उभ्या करता येतात, परंतु त्यात चित्राचा वरचा भाग ताणला जाऊन तपशील पुसट होतात आणि कडा कापाव्या लागतात.

ऑटोफोकस नसल्यामुळे घाईच्या कामाला ही लेन्स घेऊ नये. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) वापरताना एक्स्पोजर, म्हणजे चित्राला किती प्रकाश द्यायचा ते, मात्र लेन्स सरकवण्यापूर्वीच मोजून ठेवावे, कारण सरकवल्यानंतर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर चुकीचे वाचन देतो.