बिजागरीचा नी ब्रेस, आठ महिने वापरून

डाव्या गुडघ्याचं एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटचं) ऑपरेशन झाल्यावर अकराव्या महिन्यात मला बॅडमिंटन कोर्टवर जायची परवानगी मिळाली. फिजिओ म्हणाल्या, "ताई, ब्रेस लावूनच उतरायचं, आणि सध्या फक्त डबल्स." म्हणून हा घेतला. दोन्ही बाजूंना धातूची बिजागरी, चार पट्टे, मधे गुडघ्याच्या वाटीपुरतं भोक. किंमत 2,650 रुपये.

आधी साधी नी कॅप वापरून पाहिली होती. तिने ऊब मिळते, बाकी काही नाही. ब्रेसचा फरक नेटजवळ कळतो. ड्रॉप, म्हणजे नेटलगत हळूच टाकलेलं शटल, उचलायला लांब पाय टाकला की पुढच्या गुडघ्यावर सगळा भार येतो आणि तिथून उलट मागे यायचं असतं. त्या क्षणी गुडघा आत झुकायला लागला की बाजूची बिजागरी मांडीला दाबते, आणि मी सावरते. बॅकहँड कॉर्नरला वळताना मात्र अजूनही पोटात गोळा येतो. तिथे ब्रेसचा काही उपयोग नाही.

ही भीती मनात बसली ती माझ्या दुखापतीच्या कितीतरी आधी, 18 ऑगस्ट 2016 ला. रिओ ऑलिंपिकची सेमीफायनल. आपण सगळे सिंधूसाठी टीव्हीसमोर बसलो होतो. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सेमीफायनलमध्ये स्पेनच्या कॅरोलिना मारिनविरुद्ध चीनच्या ली श्वेरुईचा डावा गुडघा गेला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकची सुवर्णविजेती, चोंगछिंग शहरातली, तेव्हा 25 वर्षांची. तशा पायावरही ती सामना संपेपर्यंत खेळली, 14-21, 16-21. ब्राँझच्या सामन्याला उतरूच शकली नाही, पदक न खेळता जपानच्या ओकुहाराला गेलं.

2012 मध्ये लंडनला चीनच्याच वांग यिहानने सेमीफायनलमध्ये सायनाला 21-13, 21-13 असं सहज हरवलं होतं, तेव्हा मला तिचा रागच आला होता. मग ब्राँझच्या सामन्यात चीनचीच वांग शिन पहिला गेम 21-18 जिंकून गुडघ्यामुळे थांबली आणि सायनाला पदक मिळालं. आम्ही पेढे वाटले. वांग शिनच्या गुडघ्याचं पुढे काय झालं, हे तेव्हा एकीनेही विचारलं नाही. आता मला ते फार लागतं.

ली परत आली ती एप्रिल 2018 मध्ये. म्हणजे वीस महिन्यांनी! माझे अकरा महिने मला जन्मठेपेसारखे वाटले होते. त्याच उन्हाळ्यात तिने अमेरिका आणि कॅनडा, दोन्ही ओपन जिंकल्या. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या बाईने क्रमवारीत खाली जाऊन लहान स्पर्धांपासून पुन्हा सुरुवात केली, याचं मला तिच्या लंडनच्या सुवर्णाहून जास्त कौतुक आहे. जागतिक विजेतेपद तिला कधीच मिळालं नाही. 2013 ला थायलंडच्या रॅचनॉककडून आणि 2014 ला मारिनकडून, दोनदा फायनल हरली. 2019 मध्ये तिने निवृत्ती घेतली.

तर ब्रेस. तक्रारी दोन. खालच्या पट्ट्याचं वेल्क्रो पाचव्या महिन्यात सुटायला लागलं. चांभाराकडून 60 रुपयांत नवं शिवून घेतलं, आता पक्कं आहे. दुसरी म्हणजे घाम. मे महिन्यात वाटीखाली पुरळ उठलं. आत पातळ सुती कापड घेतलं की त्रास होत नाही. रोज धुवायचा, पण बिजागऱ्या आधी काढून, नाहीतर गंजतात.

माप घेताना चुकू नका. मी पँटच्या साइजवरून मागवला आणि पहिला परत करावा लागला. वाटीच्या मध्यापासून सहा इंच वर मांडीचा घेर मोजा, उभं राहून. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या, कापड महिन्याभरात सैलावतं. आणि ब्रेस आला म्हणून मांडीचे व्यायाम सोडू नका. मी दोन आठवडे सोडले होते, जिना उतरताना लगेच कळलं.

पाचपैकी चार. येत्या रविवारी फिजिओंनी सिंगल्सचा एक गेम खेळायला सांगितलंय, फक्त 11 गुणांचा.