स्फुरद विरघळवणारे जिवाणू शोधताना: पिकोव्हस्काया, एनबीआरआयपी की बफर घातलेलं माध्यम?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे मातीत अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं करणारे जिवाणू, हा विषय मिळाला की पिकोव्हस्काया आगरची, म्हणजे ते वाढवायच्या माध्यमाची, बाटली आपसूक टेबलावर येते. १९४८ पासून चालत आलेलं माध्यम, पावडर तयार मिळते आणि मागच्या बॅचच्या रिपोर्टातही तेच असतं. पण पर्याय निदान तीन आहेत, आणि निवड माती कुठली आहे यावर व्हायला हवी.

पिकोव्हस्कायात लिटरला १० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, थोडे क्षार आणि अर्धा ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. जिवाणू आणि बुरशी दोन्ही यावर मजेत वाढतात. २८ ते ३० अंशांवर आठवडाभर ठेवलं की पांढुरक्या आगरात वसाहतीभोवती पारदर्शक वलय दिसतं; जिवाणूने सोडलेल्या आम्लाने तिथलं फॉस्फेट विरघळलेलं असतं. स्वस्त आहे, एकदम शेकडो वसाहती चाळता येतात. पहिल्या चाळणीला उत्तम, पण भरवसा तेवढ्यापुरताच. वलय न देणारे काही जिवाणू ब्रॉथमध्ये (आगर नसलेल्या पातळ माध्यमात) चांगलं स्फुरद सोडतात, तर वलय देणारे काही चार-सहा उपसंवर्धनांनंतर (नव्या प्लेटवर पुन्हा वाढवल्यावर) ते देईनासे होतात.

वलय मोजण्याआधी एक पाहा. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळलेलं नसतं, ते फ्लास्कच्या तळाशी बसतं. ओतताना फ्लास्क सतत हलवला नाही तर पहिल्या प्लेट फिक्या आणि शेवटच्या दुधासारख्या होतात. मग त्यांच्यावरच्या वलयांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

एनबीआरआयपी हे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतून १९९९ मध्ये आलेलं माध्यम. यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट नाही. ब्रॉथमध्ये ते पिकोव्हस्कायापेक्षा सुमारे तिप्पट परिणामकारक ठरल्याची नोंद आहे. प्लेटवर मात्र दोघांत फारसा फरक नाही. म्हणून नुसत्या प्लेटच करायच्या असतील तर माध्यम बदलायची धडपड नको. शेकरवर (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) ब्रॉथ लावणार असाल तर मी डोळे झाकून एनबीआरआयपी घेईन.

आता काळी माती. विदर्भ-मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त जमिनीचा सामू (पीएच) बऱ्याचदा ८ च्या वर असतो आणि ती आम्ल सहज पचवते. वरच्या दोन्ही माध्यमांत ही ताकद जवळपास नाही, त्यामुळे जरासं ग्लुकॉनिक आम्ल सोडणारा जिवाणूसुद्धा तिथे शेर ठरतो आणि शेतात गप्प बसतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच दाखवलं. त्यांनी सामू ८ चं १०० मिलिमोलर ट्रिस बफर (सामू सहज बदलू न देणारं द्रावण) आणि मिथाइल रेड हा आम्लात लाल होणारा रंग घातलेलं माध्यम वापरलं, आणि त्यावर तुरीच्या मुळांजवळच्या मातीतून एंटेरोबॅक्टर ॲस्बुरिए या जिवाणूचा एक प्रकार मिळवला. बफरवर मात करून आम्ल करणाऱ्या वसाहतीभोवती लाल रंग येतो, बाकीच्या पिवळ्या माध्यमात तशाच राहतात. हाती फार थोड्या वसाहती लागतील, पण काळ्या मातीसाठी पुढे न्यायच्या त्या ह्याच.

कोकणातल्या जांभ्या मातीचं गणित वेगळं. तिथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला बांधलेलं असतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवरचं वलय त्याबद्दल काहीच सांगत नाही; निदान दुसऱ्या टप्प्यात तरी फेरिक फॉस्फेट आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट घेतलंच पाहिजे.

मोजणीचं म्हणाल तर वलयाचा मिलिमीटर आणि मॉलिब्डेनम ब्ल्यूचा (विरघळलेलं स्फुरद निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा यांत माझं मत सरळ दुसऱ्याच्या बाजूने आहे. खतांच्या दर्जाचा सरकारी नियम, खत नियंत्रण आदेश, दोन्ही मान्य करतो: स्पेक्ट्रोफोटोमीटरवर किमान ३० टक्के विद्राव्यता, किंवा किमान ३ मिमी जाडीच्या माध्यमावर किमान ५ मिमीचं वलय. पण आगराची जाडी प्लेटगणिक बदलते. ब्ल्यूला वेळ आणि शिस्त लागते. काचसामान फॉस्फेटच्या साबणाने धुतलं असेल तर कंट्रोलसुद्धा (तुलनेसाठीचा नमुना) निळा होतो, म्हणून शेवटचा हात पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा. शिवाय जिवाणू न घातलेला, तितकाच काळ शेकरवर फिरवलेला फ्लास्क हवा, कारण थोडं स्फुरद आपोआपही सुटतं. ब्रॉथचा सामूही दर वेळी लिहून ठेवा.

हाती एकच सत्र असेल तर पिकोव्हस्कायावर चाळणी, त्यातले वीसेक एनबीआरआयपी ब्रॉथमध्ये आणि काळी माती असल्यास त्यातून टिकलेले सगळे ट्रिसवर, असा क्रम लावा. गाईडना रिपोर्टात फोटो हवाच असतो. त्यासाठी मिथाइल रेडची प्लेट पिकोव्हस्कायापेक्षा दिसायलाही बरी.