हॅवलॉकच्या डाइव्ह रिसॉर्टच्या नावाखाली 1,01,650 रुपये लुबाडले. इंदूरकरांनो, बिलावरचा जीएसटी नंबर नीट वाचा

आधी आकडे लिहिते. 67,850, मग 11,800, मग 13,600, मग 8,400. एकूण 1,01,650 रुपये. विमानाची तिकिटं रद्द करताना कापले गेलेले 15,960 यात धरलेले नाहीत. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या (आता सरकारी नाव स्वराजद्वीप) एका डाइव्ह रिसॉर्टसाठी म्हणून हे पैसे गेले. रिसॉर्ट खरं आहे. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा त्या रिसॉर्टशी काडीचा संबंध नाही.

खऱ्या जागेचे फोटो चोरायचे, नावात एखादं अक्षर बदलून वेबसाइट काढायची, जाहिरात द्यायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गोड बोलायचं, ही पद्धत आता सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. “मग तुम्ही कशा अडकलात?” हे नणंदेपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलीला स्कूबाचा, म्हणजे हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली जाण्याचा, ओपन वॉटर कोर्स करायचा होता. तो पुरा केला की डाइव्हरचं कार्ड मिळतं. आईला सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकरांच्या कोठडीपुढे एकदा हात जोडायचे, हे ती मी शाळेत असल्यापासून म्हणत आलीय. बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगाही येणार होता. डिसेंबरचा बेत ठरला आणि मुलीने हॅवलॉकच्या डाइव्हवाल्यांना मेसेज टाकायला सुरुवात केली. बाकीच्यांनी उलट प्रश्नांची सरबत्ती लावली. दमा आहे का? कानाचं काही? फिट येतात का? कुठलं औषध चालू आहे? 200 मीटर पोहता येतं का? एकाने तर मेडिकल फॉर्म भरल्याशिवाय पुढे बोलणारच नाही असं सांगितलं. पुढे आम्हाला लुबाडणाऱ्या या एकानेच काही म्हणजे काही विचारलं नाही. “ताई, सगळं आमच्यावर सोडा.”

जो त्रास देतोय तोच खरा, हे इंदूरच्या माणसाला कसं कळणार? आपल्याकडे समुद्र सोडा, बंदर बघायलाही दिवसभराचा प्रवास. दुकानदार जितका सोयीचं बोलेल तितका चांगला, अशीच आपल्याला सवय. पण पाण्याखाली माणसाला नेणारा दम्याबद्दल विचारत नसेल, तर त्याला पाण्याखाली न्यायचंच नाहीये. हे लिहून ठेवा.

आणि बोलणं असं की कोणीही विरघळावं. आमचा पत्ता ऐकून म्हणतो, “तुमच्या इंदूरात विजयनगर, आमच्या हॅवलॉकलाही विजयनगर बीच, आपण शेजारीच झालो.” आईशी तर मोडक्या मराठीत बोलला. सात नंबरच्या बराकीतल्या कोठडीबद्दल, संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाबद्दल सांगितलं, “आजींना पुढची खुर्ची देतो” म्हणाला. सावरकरांचं नाव घेऊन म्हाताऱ्या बाईला लुबाडणाऱ्याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाहीत.

आता मुद्द्याचं. मी एका संस्थेत हिशेब बघते. जीएसटीची बिलं रोज हातात असतात. त्याने बिल पाठवलं: 1,15,000, त्यावर 18 टक्के आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या व्यवहारावरचा जीएसटी) 20,700, एकूण 1,35,700, निम्मे आगाऊ, म्हणजे 67,850. जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपलं मध्य प्रदेश 23, गुजरात 24, महाराष्ट्र 27, अंदमान 35. 07 म्हणजे दिल्ली. मी ते त्याच क्षणी पाहिलं. पाहून गप्प बसले नाही, विचारलंही. तो म्हणाला, हेड ऑफिस दिल्लीला आहे, बुकिंग तिथूनच होतं. मी जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला, तर नंबर खरा, स्थिती अ‍ॅक्टिव्ह. आणखी काय तपासायचं माणसाने?

तर हे तपासायचं होतं. मुक्कामाच्या खोलीवरचा कर खोली जिथे असते तिथलाच लागतो. हॅवलॉकच्या रिसॉर्टने स्वतः दिलेल्या बिलावर 35 चा नंबर हवा आणि कर सीजीएसटी (केंद्राचा) आणि यूटीजीएसटी (केंद्रशासित प्रदेशाचा) असा दोन भागांत हवा. आयजीएसटी दिसला की बिल रिसॉर्टचं नाही, फार तर एजंटचं. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते बिल डोळ्यांपुढे येतं. आयजीएसटी, 18 टक्के, 20,700. दिवसभरात असली पन्नास बिलं मी परत पाठवते! पोर्टलवर त्याच नंबराखाली व्यवसायाचं स्वरूप लिहिलेलं होतं, भलत्याच मालाचा व्यापारी निघाला तो. कोणा तिसऱ्याचाच नंबर उचलून बिलावर छापलेला. पण शनिवारची संध्याकाळ, तो सांगतोय की दोनच कॉटेज उरल्यात, मुलगी मागे उभी आहे, फोनचा स्क्रीन तेवढासा. हिरवं अ‍ॅक्टिव्ह दिसल्यावर खाली कोण जातं? पैसे पाठवताना एका व्यक्तीचं नाव आलं, त्यावर उत्तर तयारच होतं: मालकांचं खातं.

मग एकेक मागणी. कोर्सची नोंदणी आणि ऑनलाइन अभ्यासाचा कोड, 11,800. बेटावर नेणाऱ्या फेरीबोटीची तिकिटं चौघांची जाऊन-येऊन, 1,700 दराने 13,600. कसलंसं परमिट, 8,400. लक्षात घ्या, आपल्या देशाच्या नागरिकांना तिथे परमिटची भानगड नसते. आपल्याला हॅवलॉकला जायला ओळखपत्र पुरतं.

त्याची खोटी वाक्यं पूर्ण खोटी नव्हती, म्हणूनच पचली. “पोहता आलं नाही तरी चालतं” हे एका दिवसाच्या ट्राय डाइव्हला खरं आहे, ओपन वॉटरच्या कार्डाला नाही. तिथे पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावंही लागतं. “नऊ वर्षांचा? आरामात कार्ड मिळेल.” पॅडी या डाइव्हिंगचे कोर्स चालवणाऱ्या आणि कार्ड देणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटरला किमान वय 10. आठ वर्षांपासून मुलांना जे करता येतं ते दोन मीटरच्या आतलं बबलमेकर, त्याचं डाइव्हरचं कार्ड नसतं. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवशी दुपारी तीनला डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला विमान. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान 18 तास थांबायचं असतं. शरीरात साठलेला नायट्रोजन वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. कोर्स शिकवणारा माणूस ही चूक करेल? राधानगर बीचवर सूर्यास्त सव्वासहाला लिहिलेला. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, सव्वासहाला काळोख असतो. आणि विजयनगर बीचची आमची कॉटेज म्हणे “सूर्यास्त दिसणारी”. तो किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे!

अभ्यासाचा कोड आलाच नाही. वर सिलिंडरची परत मिळणारी अनामत म्हणून 25,000 मागितले, तेव्हा मुलीने पॅडीच्या साइटवरच्या यादीतून रिसॉर्टचा नंबर काढून फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, तुमच्या नावाचं बुकिंग नाही, आणि असे फोन आम्हाला आधीही आलेत. हा फोन पैसे पाठवण्याआधी करा. मेसेज नको, फोन. आणि नंबर जाहिरातीतून किंवा नकाशावरून घेऊ नका, तिथले नंबर बदलले जातात. पॅडी किंवा तशाच दुसऱ्या संस्थेच्या, एसएसआयच्या, यादीतून घ्या.

पुढचं ऐका, कारण खरा संताप पुढे आहे.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लागता लागेना. लागला तेव्हा तक्रार घेतली, पावती क्रमांक दिला. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, बघू. ठाण्यातल्या साहेबांनी तर “मॅडम, अंदमानला तक्रार करा” असं तोंडावर सांगितलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. हे मी म्हटल्यावर “तुम्ही वकील आहात का?” कायदा वाचायला वकील व्हावं लागतं का? आणि एक हवालदार, माझ्या आईसमोर, “एवढ्या लांब पाण्यात बुडायला कशाला जायचं?” तिला लाजेने वर बघवेना. लाज आम्ही वाटून घ्यायची, आणि चोर मोकळा.

बँकेचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक दाखवलं, तर म्हणे ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्ही स्वतः ओटीपी टाकलात. ठीक. पण ज्या खात्यात पैसे गेले त्याची केवायसी कोणी केली? आधार, पॅन, फोटो घेऊनच खातं उघडलं ना? मग तो माणूस सापडत कसा नाही? यावर प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर: “ते आम्हाला सांगता येत नाही.” माझ्या पैशातले 3,212 रुपये पुढच्या एका खात्यात रोखून धरलेत, बाकीचे तासाभरात काढून झाले होते. ते 3,212 मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर सांगितलं, कंपनीच अस्तित्वात नाही तर आम्ही कोणाशी बोलणार.

केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने 2025 च्या एप्रिलमध्ये पर्यटकांच्या खोट्या बुकिंगबद्दल इशारा दिला होता. म्हणजे वर सगळ्यांना माहीत आहे. खाली खिडकीवरच्या माणसाला मात्र माझी केस जगातली पहिली वाटते.

कोणी आत्ता अशाच बोलण्यात असेल तर त्याला डाइव्ह सेंटरचा नंबर आणि शिकवणाऱ्याचा इन्स्ट्रक्टर नंबर मागा, दोन्ही संस्थेच्या साइटवर पडताळता येतात. व्हिडिओ कॉलवर हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि सिलिंडर दाखवा म्हणा. फेरीबोटीचं तिकीट स्वतः काढा.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी 1930 लागेपर्यंत वाट बघू नका, त्याच वेळी सायबर पोर्टलवर तक्रार टाका. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), वेळ, रक्कम वेगवेगळी लिहा. ठाण्यात अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. आणि चॅट आधी उतरवून घ्या: संशय आल्याचं मी त्याला बोलून दाखवलं आणि जेवण होईपर्यंत त्याने मला पाठवलेले बरेच मेसेज पुसून टाकले. ते बिल मुलीने वेगळं ठेवलं होतं म्हणून वाचलं, नाहीतर ठाण्यात दाखवायला माझ्याकडे तेवढंही नसतं.