फिशिंगरची डीव्हीडी: घ्या, पण आधी प्लेअर शोधा

अमूर्त अ‍ॅनिमेशन फिल्म करणाऱ्या ऑस्कर फिशिंगरची डीव्हीडी मागवली खरी, पण लावायची कशावर? लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, माळ्यावरून जुना प्लेअर काढला तर त्याचा ट्रे बाहेर येईना. शेवटी मेव्हण्याचा प्लेअर आणला आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला क्लासमध्ये प्रोजेक्टरने भिंतीवर लावली. कुरिअरवाल्याने डबीचा कोपरा फोडला होता, चकती तेवढी वाचली.

'ऑस्कर फिशिंगर: टेन फिल्म्स', 2006 ची. फिशिंगर (1900-1967) मूळचा जर्मन, 1936 मध्ये हॉलिवूडला गेला. 'स्पायरल्स' भिंतीएवढी मोठी लावू नका, गरगरतं. 'स्टडी नं. 7' मात्र पोरांनी पुन्हा लावायला लावली. पांढऱ्या कागदावर कोळशाने काढलेले आकार निगेटिव्हमुळे काळ्यावर पांढरे दिसतात आणि संगीतकार ब्राह्म्सच्या तालावर सपासप वळतात. 'अलेग्रेटो' रंगीत हवी म्हणून फिशिंगरने पॅरामाउंट ही फिल्म कंपनी सोडली आणि पुढे ती फिल्म त्यांच्याकडून सोडवून घेतली. हट्टी माणूस! डिस्नेच्या 'फँटेशिया'तही त्याने काम केलं, पण त्याची चित्रं बदलली गेली, तो बाहेर पडला आणि श्रेयनामावलीत नाव नाही.

'रेडिओ डायनॅमिक्स'ला आवाज येईना म्हणून मी स्पीकरची वायर दोनदा काढून घातली. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, सुरुवातीलाच लिहिलं होतं, संगीत लावू नका म्हणून."

पैसे वसूल होतात ते 'मोशन पेंटिंग नं. 1' (1947) मध्ये. अकरा मिनिटं. पारदर्शक प्लेक्सिग्लासवर (काचेसारखं प्लास्टिक) तैलरंगाचा एक फटकारा मारायचा, एक फ्रेम घ्यायची, मग पुढचा फटकारा. थर फार चढले की वर दुसरा प्लेक्सिग्लास ठेवून काम पुढे. संगीत बाखचं, पण चित्र त्याच्या प्रत्येक ठोक्यामागे धावत नाही. मधे एक लांबलचक सर्पिल भरत जातं, तिथे रंगाच्या ओल्या कडा नीट दिसतात. सातवीतला एक जण म्हणाला, "चुकलं तर खोडायचं कसं?" खोडायचं नाही, त्यावरच पुढचं काढायचं, एवढंच मला सांगता आलं.

या फिल्मला 1949 मध्ये बेल्जियमला पारितोषिक मिळालं, तरी पुढच्या फिल्मला पैसे उभे राहिले नाहीत. मग तो मुख्यतः कॅनव्हासवरच रंगवत राहिला. ती तैलचित्रं बघायची असतील तर ही चकती त्यासाठी नाही.

मेव्हणा प्लेअर न्यायला दोनदा येऊन गेला. अजून दिलेला नाही.