हात धुण्यात एकदम कडक, पण ग्लोव्हजकडे लक्ष द्या (मुंबई नाका, नाशिक)

सासऱ्यांना ह्या पावसाळ्यात फ्लू झाला, ऑक्सिजन खाली यायला लागला म्हणून मुंबई नाक्याकडच्या एका हॉस्पिटलला ॲडमिट केलं. ट्रीटमेंट उत्तम, कॅन्टीन ठीकठाक, पण मला लिहायचंय ते एकाचं इन्फेक्शन दुसऱ्याला लागू नये म्हणून इथे काय करतात त्याबद्दल, कारण ॲडमिट करताना हे कोणी विचारतच नाही.

कॅज्युअल्टीत शिरताच खोकला ऐकून सिस्टरने आधी त्यांना मास्क दिला, मग केसपेपर. बाकीच्यांपासून लांब बसवलं आणि वॉर्डातही फ्लूचे पेशंट वेगळ्या बाजूला. प्रत्येक बेडच्या पायथ्याला हँडरबची (हाताला चोळायच्या अल्कोहोलची) बाटली अडकवलेली आहे आणि ती भरलेली असते, हे महत्त्वाचं! नाइटची सिस्टर सलाईन बघायला यायची तेव्हा हात लावायच्या आधी रब, झाल्यावर परत रब, आणि नुसतं ओलं करून नाही तर बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकाला, चांगलं 20-30 सेकंद. हात मळलेले दिसत असतील किंवा जुलाब-उलटीचा पेशंट असेल तर मात्र साबण-पाणीच, कारण नोरोव्हायरससारख्या व्हायरसवर अल्कोहोलचा फारसा इलाज चालत नाही, हेही तिनेच सांगितलं. स्टाफला दरवर्षी फ्लूची लस आणि हेपटायटीस बी चे तिन्ही डोस देतात म्हणाली, ऐकून बरं वाटलं.

आता खटकलेलं. वॉर्डबॉय आणि मावशी ग्लोव्हज घालतात पण काढतच नाहीत. शेजारच्या काकांचं युरिन पॉट उचललं, त्याच ग्लोव्हजने दाराचं हँडल, पडदा, मग खिशातला मोबाईल आणि मग आमच्या बेडचं रेलिंग. अहो ग्लोव्हज घातलेल्याचा हात स्वच्छ राहतो, पेशंटचं काय?? फ्लूचा व्हायरस स्टील-प्लॅस्टिकवर दिवसभर टिकू शकतो. प्रत्येक पेशंटमागे ग्लोव्हज बदलायचे आणि काढल्यावर हात धुवायचे, हे त्यांना कोणी नीट शिकवलेलंच दिसत नाही, त्यात त्यांची चूक मी मानत नाही. बीपीचा पट्टाही ह्या बेडवरून त्या बेडवर न पुसता फिरतो.

दुसरं म्हणजे एक टेक्निशियन दादा सर्दीने बेजार, मास्क हनुवटीवर, तसेच एक्सरे काढायला आले. विचारलं तर म्हणे सुट्टी घेतली की पगार कापतात. मॅनेजमेंटने हे आधी बघावं, आजारी माणसाला भरपगारी रजा मिळाली नाही तर तो येणारच ना ड्युटीवर, आणि फ्लू तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरतो.

सिस्टर इनचार्जना दोन्ही गोष्टी सांगितल्या. रागावल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बीपी मशीनच्या ट्रॉलीवर वाइप्सचा डबा आला. ग्लोव्हजचं आम्ही निघेपर्यंत तसंच होतं.

पाचपैकी साडेतीन. नाइटच्या सिस्टरना पाचपैकी पाच.